भागीदार घ्यावा की एकट्यानेच घ्यावं?

भाड्याने द्यायला घर घ्यायचंय, पैसे थोडे कमी पडतायत आणि एक ओळखीचा अर्धा वाटा उचलायला तयार आहे, अशा पेचात बरेच जण सापडतात.

पैशांचं गणित भागीदारीच्या बाजूने दिसतं. पण संयुक्त कर्जात सहसा पूर्ण हप्त्याची जबाबदारी दोघांवरही असते. भागीदाराने हप्ते थकवले, तर बँक सगळी रक्कम तुमच्याकडे मागू शकते. एकट्याने घेतलं तर घर लहान मिळेल, पण बोजा किती हे आधीच कळतं.

कष्ट? भाडेकरू, गळती, रिकामे महिने एकट्याला जड जातात. भागीदारीतही बहुतेकदा एकच जण धावतो, नफा मात्र निम्मा. मला हेच सर्वांत जास्त खुपतं.

खरी कसोटी बाहेर पडताना लागते. एकाला विकायचंय, दुसऱ्याला थांबायचंय, आणि अर्धा हिस्सा घ्यायला तिसरा सहसा येत नाही. म्हणून कामाची वाटणी, खर्चाची मर्यादा, हिस्सा विकत घेण्याची पद्धत खरेदीआधीच लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ करणारा भागीदार नकोच.

पैसा आहे पण वेळ नाही, किंवा उलट, अशांनी भागीदारी करावी. पैसे केव्हाही मोकळे करावे लागतील अशांनी एकट्यानेच, लहान घर घ्यावं.