सुखोई की राफेल: रचनेमागचे दोन हिशेब

रशियन बनावटीच्या सुखोई-30 या लढाऊ विमानाच्या पुढच्या चाकाला मडगार्ड असते. जवळून पाहिले तर थेट सायकलीची आठवण यावी असे. ओल्या किंवा उखडलेल्या धावपट्टीवरून धावताना उडणारा चिखल आणि खडे इंजिनाच्या तोंडात जाऊ नयेत, एवढेच त्याचे काम. तेवढ्यावर भागणार नाही म्हणून धावताना इनटेकच्या, म्हणजे इंजिनासाठी हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या, आत एक जाळीही वर येते. मूळच्या मिग-29 मध्ये तर याच्याही पुढची सोय होती. जमिनीवर असताना इनटेकचे मुख्य तोंड झडपेने बंद होई आणि पंखाच्या मुळाशी, वरच्या बाजूला असलेल्या झरोक्यांतून इंजिन श्वास घेई. याउलट अमेरिकेच्या एफ-16 चा इनटेक पोटाखाली, जमिनीच्या बराच जवळ आणि उघडा असतो, कारण धावपट्टी स्वच्छ असणार हे त्या रचनेने धरूनच ठेवले आहे.

आपल्या हवाई दलाने यापुढे रशियन विमाने घ्यावीत की पाश्चात्त्य, याबद्दल ज्यांना मत बनवायचे आहे त्यांनी वेग, उंची आणि क्षेपणास्त्रांच्या तक्त्यांआधी हा फरक लक्षात घ्यावा. दोन्हीकडचे अभियंते सारखेच हुशार होते. त्यांच्यापुढचे प्रश्न मात्र निराळे होते. सोव्हिएत रचनाकाराला सांगितलेले युद्ध अल्पकाळाचे आणि भीषण होते. त्यात तळांवर बॉम्ब पडणार, देखभाल सक्तीच्या भरतीतून आलेले तरुण करणार आणि विमान फार काळ टिकण्याची शक्यता मुळातच कमी, असा तो हिशेब होता. पाश्चात्त्य रचनाकाराला तीस-चाळीस वर्षे शांततेत रोज उडणारे आणि वैमानिकाला स्वतः निर्णय घेऊ देणारे विमान हवे होते.

सोव्हिएत व्यवस्थेत वायुगतिकीचे संशोधन झुकोव्स्की येथील त्सागी ही केंद्रीय संस्था करी, आराखडा मिकोयान किंवा सुखोईसारख्या रचना कार्यालयात होई आणि उत्पादन इर्कुत्स्क, कोमसोमोल्स्क अशा दूरच्या कारखान्यांत. मिग-29 आणि सुखोई-27 भावंडांसारखी दिसतात याचे मोठे कारण त्सागीचे हे सामाईक काम होय. जिथे गरज नाही तिथे सफाईवर पैसा घालायचा नाही, हीदेखील या व्यवस्थेची शिस्त होती. 6 सप्टेंबर 1976 रोजी व्हिक्टर बेलेंको हा वैमानिक आपले मिग-25 घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला, तेव्हा ते उघडून पाहणाऱ्या तज्ज्ञांना प्रामुख्याने पोलादाचा जोडकामाने बांधलेला सांगाडा, रेडिओ संचातल्यासारख्या व्हॉल्व्ह आणि हवेचा झोत फारसा लागत नाही अशा जागी उघडी सोडलेली रिव्हेटची डोकी दिसली. काहींनी त्याची थट्टा केली. पण ते विमान आवाजाच्या पावणेतीन पटींहून अधिक वेगाने जाई, आणि आपल्याच हवाई दलाने ते टेहळणीसाठी 2006 पर्यंत वापरले.

म्हणून ‘रशियन म्हणजे ओबडधोबड’ हा सरसकट समज मी बाजूला ठेवतो. सुखोई-27 चा पहिला नमुना 1977 मध्ये उडाला, पण तो अमेरिकेच्या एफ-15 ला पुरा पडणार नाही असे दिसताच रचनाकार मिखाईल सिमोनोव यांनी जवळजवळ संपूर्ण विमान नव्याने आखायला लावले आणि 1981 मध्ये उडालेले दुसरे रूप जगातल्या सर्वोत्तम रचनांपैकी एक ठरले. जर्मनीच्या एकीकरणानंतर तर थेट तुलनेचीच संधी मिळाली. पूर्व जर्मनीची 24 मिग-29 विमाने पश्चिमेच्या हाती आली आणि सरावांत असे आढळले की जवळच्या लढाईत हेल्मेटवर बसवलेले नेम धरण्याचे साधन आणि आर-73 क्षेपणास्त्र ही जोडी पाश्चात्त्यांच्या साइडवाइंडर क्षेपणास्त्राला भारी पडते. वैमानिकाने नुसती मान वळवून लक्ष्याकडे पाहिले तरी पुरे. पश्चिमेच्या पुढच्या पिढीच्या आखूड पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांना या अनुभवाने गती दिली. त्याच सरावांत मिगच्या उणिवाही उघड झाल्या. आतले इंधन थोडे, इंजिनाचे आयुष्य कमी आणि आजूबाजूला काय चालले आहे हे सांगणारी कॉकपिटमधली साधने तोकडी, कारण तो निर्णय जमिनीवरच्या नियंत्रकाने घ्यायचा होता.

आता मुख्य मुद्दा इंजिनाचा. सुखोई-30 एमकेआय या आपल्याकडच्या आवृत्तीचे एएल-31एफपी इंजिन सुमारे साडेबारा टनांचा रेटा देते, झोत बाहेर टाकणारे त्याचे मागचे तोंड वळते आणि विमान हवेत जे काही करून दाखवते ते पाहण्यासारखे असते. परंतु 1,000 तासांनी त्याचे ओव्हरहॉल करावे लागते आणि 2,000 तासांनी ते निवृत्त होते. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी 2015 मध्ये संसदेत सांगितले की मागील दोन वर्षांत या इंजिनांच्या बिघाडाचे 35 प्रसंग घडले; तोवर तपासलेल्या एकूण 69 बिघाडांपैकी 33 बेअरिंगशी संबंधित होते. ते स्वतः धातुशास्त्राचे अभियंता असल्याने हे उत्तर त्यांनी केवळ वाचून दाखवले नसावे, असे मला वाटते. गोव्यात तळ असलेल्या नौदलाच्या मिग-29के बाबत महालेखापरीक्षकांचा 2016 चा अहवाल अधिकच कठोर होता. दाखल झाल्यापासून 40 इंजिने, म्हणजे 62 टक्के, रचनेतील दोषांमुळे काढून ठेवावी लागली होती आणि एकआसनी विमानांची सज्जता 16 ते 38 टक्क्यांच्या दरम्यान होती.

फ्रान्सच्या राफेल विमानाच्या एम88 इंजिनाचा रेटा सुखोईच्या इंजिनापेक्षा बराच कमी आहे, मात्र ते 21 मॉड्यूलमध्ये विभागलेले असल्याने दोष असलेला तेवढा भाग बदलून इंजिन पुन्हा बसवता येते. रशियन पद्धतीत ठरलेले तास भरले की इंजिन कारखान्याकडे जाते; फ्रेंच पद्धतीत बरेचसे काम तळावर उरकते. मोठ्या संख्येने विमाने आणि राखीव इंजिने बाळगणाऱ्या सोव्हिएत दलाला पहिली पद्धत परवडत होती. स्क्वाड्रनच अपुऱ्या असलेल्या दलाला ती जाचते.

तरीही पारडे एका बाजूला झुकवून मोकळे होता येत नाही. सुखोई पोटात साडेनऊ टनांच्या आसपास इंधन घेते, राफेल त्याच्या निम्मे. अडीच टनांचे ब्रह्मोस पोटाखाली टांगून नेणे सुखोईलाच जमते, आणि 2017 मध्ये ते प्रत्यक्ष डागूनही झाले. डिसेंबर 2024 मध्ये 12 सुखोईंचा करार सुमारे 13,500 कोटी रुपयांना झाला, तर 2016 मध्ये 36 राफेलसाठी सुमारे 59,000 कोटी मोजले गेले; अर्थात दुसऱ्या रकमेत शस्त्रे, सुटे भाग आणि तळावरच्या सोयीही होत्या, त्यामुळे नुसता भागाकार करून निष्कर्ष काढू नये. त्याहून मोठा फरक मोकळिकीचा आहे. सुखोई नाशिकजवळ ओझरला तयार होते, इंजिन ओडिशात कोरापुटला, त्यात माहिती दाखवणारे फ्रेंच पडदे आणि इस्रायली उपकरणे बसली आहेत, संगणक भारतीय आहे आणि ‘अस्त्र’ हे भारतीय क्षेपणास्त्र आपल्याला हवे तेव्हा जोडता आले. राफेलमध्ये असे काही करायचे तर निर्मात्याचा होकार आणि त्याचा दर दोन्ही मान्य करावे लागतात.

रडारला चुकवण्याच्या बाबतीत मात्र फारसे लिहिण्यासारखे नाही. वस्तूच्या कडांवरून परतणाऱ्या रडारच्या लहरींचे गणित 1962 मध्ये प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने मांडले, पण त्यावरून विमान घडवले अमेरिकेने. रशियाच्या नव्या सुखोई-57 चा मुख्य भर समोरून न दिसण्यावर आहे. मागून आणि बाजूने त्यात तडजोड आहे. त्यावर आधारित संयुक्त प्रकल्पातून भारत 2018 मध्ये बाहेर पडला, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

माझे मत असे की हाताशी असलेली सुखोई विमाने नवे रडार व नव्या उपकरणांसह आणखी वीस वर्षे वापरावीत, कारण त्यांच्या देखभालीची विद्या ओझरला आणि कोरापुटला रुजली आहे. नवी खरेदी मात्र रशियन नसावी. 2022 नंतर तिथले कारखाने स्वतःच्याच युद्धाच्या मागणीत गुंतले आहेत. राफेलच्या मूळ करारात 75 टक्के सज्जतेची हमी होती, तशी लेखी हमी देणाऱ्यालाच पुढे बोलावावे, आणि भारतीय क्षेपणास्त्रे जोडण्याचा हक्क किंमत ठरण्यापूर्वी कागदावर घ्यावा. नौदलाने आपल्यापुरता निवाडा केलाच आहे: ज्या जहाजांवरून मिग-29के उडते, तिथल्यासाठी 28 एप्रिल 2025 रोजी 26 राफेल-एमचा करार झाला.