भूत शोधायचं ईएमएफ मीटर: वाड्याच्या जिन्यात लाल दिवा लागला, पण कशामुळे?

आधी निकाल सांगतो, ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा येईल त्यांच्यासाठी. हे ईएमएफ मीटर, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र ओळखणारं यंत्र, भूत शोधायला म्हणून घेणार असाल तर पैसे वाया. जुन्या घराची वायरिंग तपासायला घेणार असाल तर किमतीच्या मानाने वस्तू बरी आहे, मी तर म्हणेन चांगलीच आहे. पाचपैकी किती स्टार द्यायचे ते तुम्ही कशासाठी घेताय त्यावर आहे, म्हणून स्टार देत नाही.

भाच्याला रील्स करायचा नाद आहे, जुन्या जागा, वाडे, ओसाड बंगले असलं काहीतरी, आणि त्यात हातात लुकलुकणारं मीटर असलं की लोक शेवटपर्यंत बघतात म्हणून त्याने हे ऑनलाइन मागवलं. बाराशेच्या आत पडलं. डब्यावर कंपनीचं नाव नाही, माहितीपत्रक नाही, नुसतं 'घोस्ट हंटर' असं छापलंय आणि विक्रीच्या पानावर 'घरातली नकारात्मक शक्ती ओळखा' वगैरे मजकूर. मी वायरमन आहे, जुन्या नाशकात बरीच वर्षं कामं करतोय, म्हणून तो म्हणाला मामा तुम्ही जरा बघा हे खरं चालतं का. म्हणून बघितलं, नीट बघितलं.

वस्तू दिसायला टीव्हीच्या रिमोटएवढी. वर पाच दिवे, हिरव्यापासून लालपर्यंत. मुळात हे सगळे स्वस्त मीटर के-टू नावाच्या मीटरच्या नकला आहेत आणि ते मूळ मीटर घरातल्या वायरी आणि उपकरणांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजायला बनवलेलं होतं, भुताखेतांसाठी नाही, ते परदेशातल्या भुताच्या टीव्ही शोवाल्यांनी हातात घेतल्यावर भुताचं झालं. आत एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, असते, बाजूला बदलतं चुंबकीय क्षेत्र असलं, म्हणजे आपल्याकडे ५० हर्ट्झचा एसी, की त्या कॉइलमध्ये थोडासा व्होल्टेज तयार होतो आणि त्याच्या प्रमाणात दिवे लागतात. शेवटचा लाल साधारण २० मिलिगॉसच्या पुढे लागतो. मिलिगॉस आणि मायक्रोटेस्ला ही चुंबकीय क्षेत्र मोजायची एककं. आता २० मिलिगॉस म्हणजे किती, तर २ मायक्रोटेस्ला, आणि सामान्य माणसांसाठी ५० हर्ट्झला आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला धरलेली आहे, म्हणजे लाल दिवा लागला तरी त्या मर्यादेच्या शंभराव्या भागापाशी आहात. हे आधी सांगतो कारण लाल बघून लोक घाबरतात.

पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र ह्याच्या कितीतरी पट मोठं असतं पण ते एका जागी स्थिर, म्हणून हे मीटर त्याला विचारतच नाही. आणि कॉइल एकच असल्यामुळे मीटर आडवं धरलं की एक रीडिंग आणि उभं धरलं की दुसरं. अंधारात हात थरथरत असताना मीटर वाकडं होतं, दिवे खालीवर होतात आणि माणूस म्हणतो काहीतरी इथून गेलं. कॅमेऱ्यात ते फार परिणामकारक दिसतं, कबूल आहे.

घरात सगळीकडे फिरवून बघितलं. मिक्सर चालू केला की लाल. इन्व्हर्टरजवळ लाल. जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरपाशी पिवळा. मोबाइलवर कॉल लागायच्या क्षणी सगळे दिवे एकदम चमकून जातात, त्यातही २जीवर गेलेला फोन असेल तर जास्तच. म्हणजे जे लोक 'कोणी आहे का इथे, असशील तर दिवा लाव' असं विचारतात आणि फोन मात्र खिशात चालू असतो त्यांना उत्तर मिळणारच, नेटवर्क शोधणारा फोन देतो ते उत्तर.

मग खरी परीक्षा. जुन्या नाशकात आमच्या नात्यातला एक वाडा आहे, दोन मजले, मधे चौक, अर्धा भाग पडायला आलेला. तिथल्या जिन्याबद्दल आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मधल्या पायरीपाशी एक सून उभी असते, हिरवं लुगडं, काही बोलत नाही. घरातल्या आजी आजही संध्याकाळी दिवेलागणीला त्या पायरीवर पणती ठेवतात आणि जाताना जरा बाजूने जातात. भाच्याला अर्थातच तिथेच शूट करायचं होतं. मी आजींना आधी विचारलं, त्यांनी हो म्हणलं पण एक अट घातली, तिला उगाच हाका मारायच्या नाहीत. ती अट आम्ही पाळली.

रात्री साडेनऊच्या सुमाराला जिन्यात उभे राहिलो. खाली हिरवा एकच. वर चढत गेलो आणि बरोबर मधल्या पायरीपाशी भिंतीकडे मीटर नेलं तर पाचही दिवे. भाच्याच्या अंगावर काटा आलेला मी बघितला. मीटर तसंच धरून ठेवलं, लाल काही हलेना. आणि मग काही मिनिटांनी, कोणी काही केलेलं नाही, कुठलं बटण दाबलेलं नाही, दिवे खट्कन खाली आले, एकच हिरवा राहिला. भाचा म्हणाला मामा ती गेली.

मला त्या शांततेत दुसरंच ऐकू आलं. वरच्या मजल्यावरचा फ्रिज घरघरत होता तो नेमका तेव्हा थांबला होता. वाट बघितली. बऱ्याच वेळाने कॉम्प्रेसर परत सुरू झाला आणि त्याच क्षणी मधल्या पायरीपाशी पुन्हा लाल. वर जाऊन फ्रिजचा प्लग काढला, भाचा खालून ओरडला, गेलं. लावला, आलं.

आता ह्याचं कारण सांगतो कारण हे जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने वाचायला पाहिजे. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आणि न्यूट्रल, म्हणजे तो परत नेणारी, जवळजवळ एकत्र गेले की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना जवळपास रद्द करतात, मीटरला फारसं काही दिसत नाही. इथे त्या क्षेत्राला तोडीस तोड काही नव्हतं. लाकडी पट्टीवरची पन्नासेक वर्षं जुनी वायरिंग, वरच्या मजल्याला फेज मागच्या बाजूने गेलेला आणि न्यूट्रल मात्र कोणीतरी कधीतरी खालच्या मजल्याच्या सर्किटमधून उचलून जिन्याच्या भिंतीतून वर नेलेला. आमच्या धंद्यात असं उसनं न्यूट्रल घेतलेलं फार ठिकाणी सापडतं, भाऊ-भाऊ वेगळे झाले, विजेचे मीटर वेगळे झाले, वायर मात्र तीच राहिली. फ्रिजचा सगळा करंट एकटाच त्या भिंतीतून जात होता. आणि हे धोक्याचं आहे, खालच्या मजल्याचा मेन पाडून एखादा वायरमन ते न्यूट्रल बिनधास्त उघडेल आणि वरचा फ्रिज चालू असेल तर त्याच्या हातात पूर्ण व्होल्टेज येऊ शकतो. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, बसवलेल्या घरात असंच काही असेल तर तो सारखा ट्रिप होतो आणि लोक वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात. टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती धरून करंट मोजायचं यंत्र, लावून खात्री केली आणि पुढच्याच आठवड्यात ती लाइन बदलली. म्हणून म्हणतो वायरिंगसाठी वस्तू चांगली, भिंत न फोडता एकटी धावणारी वायर दाखवली ह्या मीटरने.

आजींना सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "वायर बदललीस ते बरं केलंस बाबा, पण ती वायर यायच्या आधीपासून ती तिथे आहे." आणि हे खरंच आहे. वाड्यात वीज यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलेलं असं की ती सून प्लेगात गेली, घरातले सगळे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायला गेले तेव्हा ती तापाने मागे राहिली आणि जिन्यातच पडली. नाशिक भागात प्लेगाने त्या काळात फार माणसं नेली, भगूरला सावरकरांचे वडील १८९९ साली प्लेगानेच गेले. अशा किती घरांमध्ये मागे राहिलेलं कोणी असेल. नाव कुठल्या वहीत नाही, फोटो नाही, तिची आठवण म्हणून ह्या घराकडे उरलीय ती एक पायरी आणि संध्याकाळची पणती. ह्या गोष्टीचं मिलिगॉसमध्ये काय मोजणार? मला मनापासून वाटतं की असल्या रील्समुळे गोष्ट मरते, कारण त्यात ती कोण होती हे कोणी विचारत नाही, दिवा लागला की नाही एवढंच विचारतात.

नाशकात अशा गोष्टी जपायची पद्धत आहे आपल्याकडे. धुळवडीला निघणाऱ्या वीरांच्या मिरवणुकीत दाजीबा वीर, बाशिंगे वीर म्हणतात ते, हळदीच्या अंगाने मारला गेलेला नवरदेव म्हणून त्याची कथा सांगतात, आणि घरोघरचे वीर, म्हणजे देवघरातले पूर्वजांचे टाक, गोदावरीवर नेतात. बाहेरचा माणूस त्याला भुताची गोष्ट म्हणेल. आपण त्याला दरवर्षी बाशिंग बांधतो. ज्याचं राहून गेलं त्याला गावाने जागा दिली, मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

पांडवलेण्यातही मीटर नेलं होतं, दिवसा. वायर नाही अशा कातळात मीटर अगदी मुकं, फोन एअरप्लेन मोडवर टाकला की एक हिरवा दिवा आणि बास. फोन चालू केला की लगेच लुकलुक. तिथे २४ लेणी आहेत, पांडवांनी एका रात्रीत खोदली अशी आपल्याकडची कथा, आणि भिंतींवरचे ब्राह्मी लेख मात्र क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याची आई गौतमी बलश्री ह्यांची नावं सांगतात. तिसऱ्या लेण्यातला त्या आईचा लेख, गेलेल्या मुलाचं कौतुक करणारा, तो नुसता बघून जरी आलात तरी अंगावर येतो. भाच्याला म्हणलं ह्याच्यावर कर रील.

आता एक प्रश्न राहतो, मग लोकांना जे जाणवतं ते खोटं का? अजिबात नाही. जाणवणं खरं असतं, कारण शोधायचं असतं. मीटरवाले म्हणतात चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूला कोणी असल्याचा भास होतो, ह्यामागे कॅनडातल्या मायकल पर्सिंजर ह्यांचे हेल्मेटचे प्रयोग आहेत, पण स्वीडनमध्ये ग्रॅनक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी तेच, कोणालाही कळू न देता क्षेत्र चालू की बंद, असं करून बघितलं तर फरक पडला नाही, २००५ साली ते छापून आलं. लंडनमध्ये ख्रिस फ्रेंच ह्यांच्या गटाने तर असं क्षेत्र सोडता येईल अशी मुद्दाम खोली बांधली, ७९ लोकांना आत पाठवलं, पुष्कळ जणांना विचित्र काही जाणवलं, पण क्षेत्र चालू असण्याशी त्याचा संबंध लागला नाही.

दोन उदाहरणं मात्र मला पटतात. एक विक टँडी, कोव्हेंट्रीचा इंजिनीअर, प्रयोगशाळेत रात्री एकटा काम करताना घाम फुटायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शेगड्यात, म्हणजे बेंच व्हाइसमध्ये, अडकवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं आणि शोध घेतल्यावर नवीन बसवलेला एक्झॉस्ट फॅन निघाला, कानाला ऐकू न येणारा १९ हर्ट्झच्या आसपासचा आवाज खोलीत साचत होता. फॅनची व्यवस्था बदलली, प्रकार थांबला. १९९८ ला त्याने ते लिहिलं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. १९२१ साली अमेरिकेत विल्मर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिकत छापली, जुन्या घरात राहायला गेले आणि पावलांचे आवाज, माणसं दिसणं, डोकं दुखणं, मुलं निस्तेज, कुंडीतली झाडंसुद्धा मरायला लागली. घर गरम करायची भट्टी बिघडलेली होती आणि तिच्या धुरातला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, घरात येत होता. ना रंग ना वास. आपल्याकडे भट्टी नाही पण नाशिकची थंडी आहे आणि बंद बाथरूममधला गॅस गिझर आहे, वरून थंडी येते म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला. असल्या बाथरूमा मी स्वतः बघतो, सांगून सांगून थकलो. घरात काहीतरी आहे, डोकं जड होतं, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं अशी तक्रार असेल तर पहिलं काम गिझर बंद आणि खिडकी उघडी. हे बाराशेचं मीटर तो वायू ओळखत नाही, एक दिवाही लागणार नाही आणि तुम्ही म्हणाल घर स्वच्छ आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, तो घ्या. आणि बाधा काढतो म्हणून कोणी पैसे मागायला लागला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांत जा.

वस्तूबद्दल उरलेलं पटकन. प्लास्टिक हलकं आहे, मागचं झाकण सैल बसतं, चिकटपट्टी लावावी लागली. ९ व्होल्टची बॅटरी लागते, सोबत आलेली निकामी होती, नवी वेगळी आणली. आवाज नाही, फक्त दिवे, त्यामुळे उन्हात काही दिसत नाही. आकडा दाखवणारं, तीन कॉइलवालं मीटर मिळतं, महाग पडतं, पण वायरमन मंडळींनी तेच बघावं. ह्याने मोजायचं असेल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एकाच जागी मीटर तिन्ही दिशांना फिरवून सगळ्यात मोठं रीडिंग धरा, आणि लाल लागला की घरातली उपकरणं एकेक बंद करत जा. सगळं बंद करून मेन पाडल्यावरही लाल राहिला तर बहुधा शेजाऱ्याची लाइन तुमच्या भिंतीतून गेलीय, वायरमनला बोलवा.