आनुवंशिक कर्करोगाची जनुकीय चाचणी : पुण्यातील एका प्रयोगशाळेच्या सेवेविषयी

मावशीला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाल्यावर तिच्या डॉक्टरांनी बीआरसीए जनुकांची (ज्यांतील दोषामुळे स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग घराण्यात उतरू शकतो) तपासणी सुचवली आणि पुण्यातील एका खासगी प्रयोगशाळेत आम्ही ती करून घेतली. दर पाच आकडी आहे. त्या पैशांत नेमके काय पदरात पडते, हे आधी कळले तर रुग्णाच्या घरच्यांना सोयीचे जाते, म्हणून हा अभिप्राय.

या सेवेतील सर्वांत उजवी बाजू म्हणजे रक्त घेण्यापूर्वीचे समुपदेशन. समुपदेशक बाईंनी कागदावर पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळे काढत तीन पिढ्यांची वंशावळ मांडली. आम्ही मावशीच्या आईकडचीच नावे सांगत होतो; त्यांनी मध्येच थांबवून विचारले, “आणि यांच्या वडिलांच्या बहिणी? त्यांना काय झालं होतं?” बायकांचा आजार म्हणजे आईकडूनच येणार, असे आपण धरून चालतो, प्रत्यक्षात हा दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो आणि दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. निरोगी भाचीची चाचणी आधी करण्याचा आमचा बेतही त्यांनी मोडीत काढला, कारण घराण्यातील दोष कोणता हे ठाऊक नसताना निरोगी माणसाचा ‘काही आढळले नाही’ हा निकाल फारसा दिलासा देत नाही.

या चाचणीचे मूळ अमेरिकेतील आनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांच्या संशोधनात आहे. काही घराण्यांत तरुण वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगामागे सतराव्या गुणसूत्रावरील एक जनुक आहे, हे त्यांनी 1990 मध्ये दाखवले; 1994 मध्ये ते जनुक, म्हणजे बीआरसीए1, प्रत्यक्ष हाती आले. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते बिनचूक सांधण्याच्या कामात बीआरसीए1 आणि बीआरसीए2 या दोन्ही जनुकांचा वाटा असतो. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतःच सदोष असेल आणि एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली, तर चुका साचत जातात आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए1 सदोष असलेल्या स्त्रीला वयाच्या 80 वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 72 टक्के आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा सुमारे 44 टक्के असतो. दुरुस्तीतील हीच उणीव ओलापॅरिबसारख्या औषधांच्या पथ्यावर पडते: ती दुरुस्तीचा आणखी एक मार्ग रोखतात आणि आधीच अधू झालेली कर्कपेशी तगत नाही. त्यामुळे हा अहवाल नातेवाइकांइतकाच खुद्द रुग्णाच्या उपचारांसाठीही उपयोगी असतो, आणि बाईंनी हे न विचारता सांगितले.

अहवालाबाबत मात्र माझी तक्रार आहे. मावशीच्या बीआरसीए2 मध्ये ‘अनिश्चित महत्त्वाचा’ एक बदल आढळला. तो घातक की निरुपद्रवी, हे ठरवण्यास सध्या पुरेसा पुरावा नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुलनेसाठी वापरले जाणारे माहितीसंच बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे असल्यामुळे भारतीयांच्या वाट्याला हा शेरा अधिक येतो. पण अहवाल फक्त इंग्रजीत, आणि हा खुलासा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत! मावसभावाने ‘बदल आढळला’ एवढेच वाचून बहिणीच्या खबरदारीच्या शस्त्रक्रियेची चौकशी सुरू केली. अशा बदलावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो, हे समजावताना बाईंना फोनवर बराच वेळ द्यावा लागला. मराठीतील एका पानाने हे काम भागले असते.

रक्ताचा नमुना, वेळेची शिस्त, गोपनीयता यांबाबत बोट ठेवायला जागा नाही. जनुकाचे मोठे तुकडे गळाले असल्यास तेही तपासले जाते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. आमच्या चाचणीत ते होते. पुढे त्या बदलाचे वर्गीकरण पालटले तर प्रयोगशाळा स्वतःहून कळवणार का, याचे उत्तर मात्र लेखी मागावे. आम्हाला तोंडी ‘हो’ मिळाले आहे.