कढीपत्ता की रुई? मुलासोबत फुलपाखरं वाढवायची तर

मुलाला अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं घरच्या परसात दाखवायचं, तर नुसती फुलझाडं लावून भागत नाही. जास्वंदीवर, घाणेरीवर फुलपाखरं मध प्यायला येतात आणि निघून जातात. अंडी घालायला मादीला तिच्या जातीचं ठरलेलं झाडच लागतं. कोकणात अशी दोन झाडं अगदी हाताशी असतात: मोरीच्या पाण्यावर वाढलेला कढीपत्ता, आणि गडग्याकडेला किंवा किनाऱ्याच्या वाळूत आपसूक उगवणारी रुई. मूल सहा-सात वर्षांच्या आतलं असेल तर मी बेधडक कढीपत्ता सांगेन.

मोठं कारण म्हणजे रुईचा चीक. पान तुटलं की तो ठिबकतो, आणि डोळ्यात गेला तर गंभीर इजा होऊ शकते. लहान मूल पान तोडणार आणि त्याच हाताने डोळे चोळणार, हे धरूनच चालायचं.

कढीपत्त्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं येतात. कोवळ्या शेंड्यावर मोहरीहून बारीक, पिवळसर गोल अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं. त्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटीसारखी, तपकिरी-पांढरी. मोठ्यांच्या नजरेतून ती सुटते, मुलांना मात्र बरोबर सापडते. पुढे एका कातीनंतर तीच अळी हिरवीगार होते. काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून लालसर, बेचक्यासारखं शिंग बाहेर येतं आणि उग्र आंबूस वास सुटतो. मुलाला हे एकदा जरूर दाखवा, पण पुन्हापुन्हा नको, त्या जिवाला त्रास होतो. घरची मोठी माणसं 'खाज येईल' म्हणून ओरडतील, पण या अळ्यांना खाजरे केस नसतात. रुईवरच्या अळीलाही नसतात.

जागा असेल तर शेजारी लिंबू किंवा पपनसही लावा. 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंत लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.

आता रुईची बाजू. मूल दहा-बारा वर्षांचं आणि सांगितलेलं ऐकणारं असेल तर तिच्यासारखं झाड नाही. तिच्यावर प्लेन टायगर येतं. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली त्याची अळी लांबूनच दिसते. रुईतलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत आणि तिला लपायची गरज पडत नाही. तिचं खाणं जवळून बघा: आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडते, मग पुढचं पान खाते. कोष हिरवा किंवा गुलाबीसर, उलटा टांगलेला असतो. कढीपत्त्यावरचा कोष मात्र कमरेला रेशमी धागा बांधून काटकीला टेकलेला असतो. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं काढता, तेव्हा आधी पानाची मागची बाजू बघून घ्या, अंडी तिथेच असतात.

दोन्हीकडे महिनाभराचा खेळ. कढीपत्त्यावरच्या अळ्या गांधीलमाश्या आणि पक्षी उचलून नेतात, तेव्हा फांदीवर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधा. बरणीत ठेवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. आपल्या दमट हवेत बरणीतल्या लेंड्यांना बुरशी धरते आणि अळ्या मरतात. रुईवरही सगळ्या वाचतील असं नाही. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माशी बाहेर पडते. मुलापासून ते लपवू नका, तिच्या आईनेही आपली अंडी त्याच अळीत घातलेली असतात.

सुरुवात गणपतीनंतर करा. पाऊस ओसरलेला असतो, आणि महिनाभर आधी कढीपत्ता छाटला असेल तर कोवळी फूट आलेली असते. घराला लागून हापूसची कलमं असतील तर दिवाळीपर्यंत एक फेरी उरकून घ्या. पुढे मोहरावर तुडतुड्यांसाठी फवारणी सुरू झाली की वाऱ्याने येणारं औषध कढीपत्ता आणि रुई, दोन्हीवरच्या अळ्या मारतं.