गिटहब गिस्ट: सर्व्हरचे छोटे कोड देण्याघेण्यासाठी उत्तम, गुपितांसाठी मात्र नाही

एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा लहानसा सर्व्हर ब्लॉक (एका साइटची सेटिंग) किंवा डॉकर कंपोजची (अनेक प्रोग्रॅम एकत्र चालवण्याच्या सूचनांची) फाइल चॅटवर पाठवली की यामल या त्या फाइलच्या लेखनपद्धतीतल्या मोकळ्या जागा बिघडतात, सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात आणि घेणाऱ्याचा वेळ कोडऐवजी ती निस्तरण्यात जातो. 2008 पासून सुरू असलेली गिटहबची गिस्ट ही कोडचे छोटे तुकडे दुव्याने देण्याची सेवा या कामासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिथले प्रत्येक गिस्ट ही एक स्वतंत्र गिट रिपॉझिटरी (बदलांचा इतिहास जपणारा फाइलींचा साठा) असते आणि कोणता बदल कधी झाला हे ओळीनिशी पाहता येते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. कंटेनर (डॉकरमध्ये वेगळ्या कप्प्यात चालणारा प्रोग्रॅम) नव्याने उभा केला की त्याचा आयपी पत्ता बदलू शकतो. पण प्रॉक्सी पासमध्ये (विनंती पुढे कुठे पाठवायची हे सांगणाऱ्या ओळीत) थेट लिहिलेल्या नावाचा पत्ता एनजिनएक्स सुरू होतानाच शोधून ठेवत असल्यामुळे विनंत्या जुन्याच पत्त्यावर जात राहतात आणि 502 हा ‘मागचा सर्व्हर सापडत नाही’ अशा अर्थाचा त्रुटी संदेश दिसू लागतो. यावरचा उपाय तीन ओळींत मावतो: रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधणारा) म्हणून डॉकरच्या अंतर्गत डीएनएसचा 127.0.0.11 हा पत्ता द्यायचा, कंटेनरचे नाव व्हेरिएबलमध्ये ठेवायचे आणि प्रॉक्सी पासमध्ये ते व्हेरिएबल वापरायचे, म्हणजे पत्ता पुन्हा पुन्हा शोधला जातो. मात्र डॉकरच्या मूळच्या ब्रिज नेटवर्कवर कंटेनर एकमेकांना नावाने सापडत नाहीत, त्यासाठी स्वतः तयार केलेले नेटवर्क लागते. म्हणून कंपोजची फाइल सोबत नसेल तर या तीन ओळी अपुऱ्याच ठरतात. एकाच गिस्टमध्ये दोन्ही फाइली शेजारी ठेवता येतात, ही या सेवेची मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय आहे.

तक्रारीची जागाही आहे, आणि ती गंभीर आहे. ‘सीक्रेट’ गिस्ट शोधात येत नाही, पण दुवा हाती लागलेला कोणीही ते वाचू शकतो. शिवाय चुकून राहिलेला पासवर्ड नंतर खोडला तरी जुन्या आवृत्तीत तो तसाच राहतो, त्यामुळे तो बदलून टाकण्याला पर्याय नाही. एकदा सार्वजनिक केलेले गिस्ट पुन्हा सीक्रेटही करता येत नाही. अशा इशाऱ्यांना तयार करण्याच्या पानावरच ठळक जागा मिळायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुल रिक्वेस्टची (सुचवलेला बदल मूळ कोडमध्ये सामील करून घेण्याची) सोय गिस्टमध्ये नसल्यामुळे दुसऱ्याने सुचवलेली दुरुस्ती प्रतिक्रियेत किंवा फोर्कमध्ये (दुसऱ्याने काढलेल्या प्रतीत) पडून राहते आणि वरचा कोड जुनाच दिसतो. म्हणून परक्याचे गिस्ट उचलण्यापूर्वी खालच्या प्रतिक्रिया अवश्य वाचाव्यात. फोल्डर करता येत नाहीत, तेव्हा मांडणी वाढू लागली की सरळ रिपॉझिटरी काढावी.

सर्व्हरवर कर्ल या आज्ञेने फाइल ओढायची असेल, तर कमिट हॅश (ठरावीक आवृत्तीची खूण) असलेलाच रॉ दुवा, म्हणजे फक्त फाइलचा मजकूर देणारा दुवा, वापरावा. हॅश काढलेला दुवा नेहमी ताजी आवृत्ती देतो आणि लेखकाने केलेला बदल न तपासताच आपल्या यंत्रावर येऊन बसतो.