उशिरा वाढीला लागणाऱ्या मुलांची दखल घेणारी फुटबॉल निवड चाचणी

माझा मुलगा साडेतेरा वर्षांचा आहे. जन्म जानेवारीचा असल्यामुळे तो आपल्या वयोगटात वयाने मोठा ठरतो, पण मैदानात उभा राहिला की सर्वांत लहान दिसतो. मागील वर्षी एका अकादमीने वीस मिनिटांच्या खेळानंतर ‘अंगात ताकद नाही’ असे सांगून त्याला परत पाठवले होते. त्यामुळे यंदा मे महिन्यात पुण्यातील दुसऱ्या अकादमीच्या दोन दिवसांच्या चाचणीला आम्ही धास्तावूनच गेलो.

पहिल्या सकाळी कोणीही चेंडूला पाय लावला नाही. बूट-मोजे काढून, टाचा भिंतीला टेकवून प्रत्येक मुलाची उंची दोनदा घेतली, वजन केले आणि मग आम्हा आईवडिलांनाही अनवाणी उभे केले, कारण पालक स्वतःची उंची बहुधा वाढवूनच सांगतात. मुलाचे वय, उंची, वजन आणि आईवडिलांच्या उंचीची सरासरी यांवरून खामिस-रोश पद्धतीने त्याच्या प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज बांधतात आणि आजची उंची त्याच्या किती टक्के आहे, यावरून वाढ कुठवर आली ते ठरवतात. माझा मुलगा १४८ सेंटिमीटर, अंदाज १७२, म्हणजे ८६ टक्के. त्याच्याच वर्गातला उफाड्याचा मित्र मात्र ९५ टक्क्यांवर पोहोचला होता.

दुसऱ्या दिवशी एक सामना वयोगटानुसार आणि एक या टक्केवारीनुसार झाला. पहिल्यात धक्का बसण्याआधीच चेंडू सोडून देणारा माझा मुलगा दुसऱ्यात बचावपटूला पाठीवर घेऊन वळला आणि त्याने डाव्या बाजूला सुरेख पास दिला. तिकडे मोठ्या मुलांत गेलेल्या त्याच्या मित्रालाही ताकद बाजूला ठेवून डोके वापरावे लागले.

दोन उणिवा मात्र सांगायलाच हव्यात. हे सूत्र अमेरिकेतील गोऱ्या मुलांच्या नोंदींवर बेतलेले असल्याने आपल्याकडे आकडा सैलपणे वाचायला हवा. अहवालात तो अंतिम असल्यासारखा छापला आहे. शिवाय पुन्हा मोजणी कधी, याचा उल्लेखच नाही. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळे युवा संघ ठेवले, ते अशी मुले नजरेआड होऊ नयेत म्हणूनच. येथे निदान सहा महिन्यांनी फेरमोजणी शुल्कातच धरावी.

मुलाचे नाव सध्या राखीव यादीत आहे, तरीही ही चाचणी मला न्याय्य वाटली. जाणार असाल तर आई आणि वडील दोघांनीही जावे. आमच्या रांगेत एकटेच आलेल्या पालकांना जोडीदाराची उंची अंदाजाने लिहावी लागली.