फ्लॅटमधला ट्यूब अँप आणि अटेन्युएटर: उन्हाळा ते दिवाळी

१५ वॉटचा गिटारचा ट्यूब अँप (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अॅम्प्लिफायर) कागदावर किरकोळ दिसतो, पण पुण्यात सहकारनगरात दुसऱ्या मजल्यावर तो रंगात आला की खालच्या काकू दारात हजर. म्हणून अँप आणि स्पीकरच्या मधे अटेन्युएटर, म्हणजे आवाज दाबणारा डबा, घातला. ८ ओहमचा, ५० वॉट झेपणारा, आत नुसते जाडजूड रेझिस्टर. १२ डेसिबल कमी केले की १५ वॉटपैकी जेमतेम एक वॉट स्पीकरपर्यंत पोचतो, बाकीची डब्यात उष्णता होते. अँप मात्र पूर्ण जोरातच चालू असतो, त्यामुळे त्यातल्या ईएल८४ ट्यूबचा आवाज फाटायला लागल्यावरची धार तशीच मिळते. वस्तू कामाची आहे. पण सेटअपमध्ये काहीही बिनसलं की पहिला संशय या डब्यावर जातो, आणि बहुतेक वेळा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

पाऊस सुरू झाला आणि मधेच आवाज बसायला लागला. एकदम बंद नाही, पातळ आणि लांबून आल्यासारखा. गंमत म्हणजे तारांवर जोरात हात मारला की आवाज फाडकन परत यायचा, हळू वाजवलं की पुन्हा गायब. बँडमधल्या सगळ्यांचं एकमत: अटेन्युएटर जळाला. मी अँप बंद केला, अटेन्युएटर काढला, स्पीकरचं कॅबिनेट थेट अँपला जोडलं आणि मगच चालू केला. (हा क्रम पाळाच. ट्यूब अँप स्पीकर किंवा लोडशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर बेततं.) दुखणं तसंच. म्हणजे डबा निर्दोष सुटला.

मग एक छोटी पॅच केबल घेऊन इफेक्ट्स लूपचा (अँपमध्ये मधेच पेडल जोडायची सोय) सेंड जॅक थेट रिटर्न जॅकला जोडला. आवाज ठणठणीत! लूपमध्ये काही लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका बारीक पत्तीतून पुढे जातो. वर्षानुवर्षं लूप वापरला नाही आणि त्यात पुण्याचा जुलै, म्हणजे त्या पत्तीवर थर धरणारच. जोरकस सिग्नल तो थर ओलांडून जातो, हलका अडकतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. अँप बंद ठेवून प्लगवर थोडा मारला, जॅकमध्ये बरेचदा आत-बाहेर केला, वाळू दिला, काम झालं. एवढ्यासाठी अँप उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट टिकून राहू शकतात.

दुसरं दुखणं केबलचं. तालमीच्या खोलीत कोणीतरी अँप ते अटेन्युएटर साधी गिटार केबल लावून ठेवली होती. दोन्हीकडचे प्लग सारखेच, त्यामुळे ओळखू येत नाही. गिटार केबलमधली मधली तार बारीक असते, ती स्पीकरच्या करंटसाठी नाही. इथे जाड, दोन सरळ तारांची स्पीकर केबलच हवी. तीही तपासायची सोपी रीत आहे: एक टोक कॅबिनेटला लावा, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर. ८ ओहमचा स्पीकर साडेसहाच्या आसपास दाखवतो, तो बरोबर. मग प्लगजवळ केबल हलवत राहा. माझ्या एका केबलला आकडा एकदम उडाला आणि परत साडेसहावर आला. प्लगच्या आतला सोल्डर सुटत होता.

गुणगुण म्हणाल तर नुसत्या रेझिस्टरचा डबा ती तयारच करू शकत नाही. आमच्याकडे दोन कारणं निघाली. एक, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा बंद केला की गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची चरचर गेली. दोन, लाइन आउटमधून (रेकॉर्डिंगसाठी सिग्नल बाहेर काढायचा जॅक) लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर. चार्जर काढला, शांतता. त्यासाठी अँपची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग मी पाहिलेत. तो मूर्खपणा जिवावर बेतू शकतो.

आता तक्रारी. १२ डेसिबलपर्यंत आवाज छान, १६ च्या पुढे बास विरतो आणि वरचा भागही मंद होतो. थोडा दोष कानाचा, कारण कमी आवाजात आपल्याला खालचे सूर कमीच ऐकू येतात. थोडा या स्वस्त रचनेचा, कारण खऱ्या स्पीकरचा ओहम सुराप्रमाणे बदलतो आणि रेझिस्टरचा नाही. मी टोनवर बास जरा वाढवून भागवतो. डबा तासाभरात चांगलाच तापतो, म्हणून त्यावर पेडल किंवा वही ठेवायची नाही, आणि तो अँपच्या डोक्यावर तर नाहीच. ट्यूबची झीज पूर्ण आवाजातल्यासारखीच होते, तो खर्च धरून चाला.

घेणार असाल तर आधी अँपच्या मागे आउटपुटचा ओहम बघा. कॅबिनेट १६ ओहमचं असेल तर हा ८ वाला नको, १६ चाच मागा. आणि अँपच्या छापील वॉटच्या किमान दुप्पट झेपणारा घ्या, कारण फाटलेल्या आवाजात अँप छापील आकड्याच्या बराच वर जातो.